करारातला पाळणा

१० जुलै १९९९. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथले रोझ बोल स्टेडियम. अमेरिका आणि चीन यांच्यातला महिला विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना पाहायला ९०,१८५ माणसे जमली होती. जादा वेळ धरून १२० मिनिटे खेळ झाला, पण गोल एकही झाला नाही. मग पेनल्टी शूटआउट. अमेरिकेची गोलरक्षक ब्रियाना स्करी हिने चीनची तिसरी पेनल्टी अडवली, अमेरिकेची पाचवी ब्रँडी चॅस्टेनने जाळ्यात मारली आणि अमेरिका जिंकली. अंगातली जर्सी काढून गुडघ्यांवर बसलेल्या चॅस्टेनचे छायाचित्र जगभर छापले गेले. महिला फुटबॉलचा इतिहास सांगणारे बहुतेक लेख त्या छायाचित्रापाशी सुरू होतात.

अमेरिकेच्या पहिल्या दोन पेनल्ट्या कोणी मारल्या, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नाही. पहिली मारली संघनायिका कार्ला ओव्हरबेकने, दुसरी जॉय फॉसेटने. दोघी बचावपटू आणि दोघी लेकुरवाळ्या. ओव्हरबेकचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचाही झाला नव्हता. फॉसेटला दोन मुली होत्या, थोरली पाच वर्षांची आणि धाकटी दोन. याच स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत अमेरिका जर्मनीविरुद्ध दोनदा पिछाडीवर पडली होती. तो सामना ३–२ असा फिरवणारा हेडरचा गोल फॉसेटचाच.

या दोघी तिथवर पोहोचल्या कशा, हा प्रश्न मला त्या छायाचित्रापेक्षा महत्त्वाचा वाटतो. जिद्द होती, घरच्यांची साथ होती, ही उत्तरे खोटी नाहीत. पण जिद्द असलेल्या आणि घरच्यांची साथ असलेल्या कितीतरी जणी त्याआधीच्या काळात मूल झाल्यावर मैदानावरून दिसेनाशा झाल्या. तेव्हा फरक दुसरीकडे शोधायला हवा. राष्ट्रीय संघ आणि घर यांच्यातली ओढाताण एका खेळाडूच्या स्वभावाने किंवा ताकदीने सुटत नाही, ती कागदावरच्या कलमांनी सुटते आणि त्या कलमांमागे खर्च कोणी करायचा याचे भांडण असते, असे मला या इतिहासातून दिसते. ते इथे मांडतो.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. कारण मातृत्व आणि फुटबॉल यांचे नाते आधी ओढाताणीचे नव्हतेच, ते सरळ बंदीचे होते.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधले पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका आल्या. कारखान्यांच्या आवारात त्या फुटबॉल खेळू लागल्या. प्रेस्टन शहरातल्या डिक, कर कंपनीच्या कामगार मुलींचा संघ त्यांतला सगळ्यांत नावाजलेला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला सुमारे ५३,००० प्रेक्षक आले. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांच्या सामन्यांना मनाई केली. हा खेळ स्त्रियांना मानवणारा नाही, असे कारण दिले. ही मनाई उठायला सत्तरचे दशक उजाडले.

ब्राझीलमध्ये तर सरकारनेच हुकूम काढला. १४ एप्रिल १९४१ च्या त्या हुकुमाने, स्त्रीच्या प्रकृतीशी विसंगत असे खेळ खेळायला स्त्रियांना बंदी केली. ‘प्रकृती’ म्हणजे काय, हे सांगायची गरज कोणाला वाटली नाही. मूल जन्माला घालणारे शरीर, ते राष्ट्राची ठेव, त्याला धक्का लागता कामा नये, असा त्यामागचा विचार होता. पेले, गारिंचा ज्या देशात घडले त्या देशातल्या मुलींना १९७९ पर्यंत कायद्याने फुटबॉल खेळता येत नव्हता. पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल महासंघाने १९५५ मध्ये अशीच बंदी घातली आणि १९७० मध्ये उठवली.

बंदी उठली म्हणून दृष्टी बदलली असे नव्हे. १९८९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या महिलांनी युरोपीय स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात त्यांनी नॉर्वेला ४–१ असे हरवले. महासंघाने या विजेत्यांना बक्षीस दिले ते चिनी मातीच्या कपबश्यांचा संच! बक्षीस देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसावे. बाई म्हटले की घर आणि घर म्हटले की कपबश्या, इतका तो साधा हिशेब होता. त्या मुली मैदानावरून शेवटी घरीच जाणार, हे त्यांनी गृहीत धरले होते.

म्हणजे १९२१ ते १९७९ या काळात तर्क असा होता की बाई आई होणार, म्हणून तिने खेळू नये. त्यानंतरच्या काळात तर्क एवढाच सरकला: बाईने आई होईपर्यंत खुशाल खेळावे.

महिलांचा पहिला अधिकृत विश्वचषक नोव्हेंबर १९९१ मध्ये चीनमध्ये झाला. सामने नव्वद नव्हे, ऐंशी मिनिटांचे होते. अंतिम सामन्यात अमेरिकेने नॉर्वेला २–१ असे हरवले. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातल्या मुलींना दिवसाला दहा डॉलर भत्ता मिळत असे. शिक्षण किंवा नोकरी सांभाळून, सराव शिबिरापुरती रजा काढून त्या खेळायच्या. अशा व्यवस्थेत मूल झाल्यावर काय, हा प्रश्न कोणाला विचारावा असे खाते कुठे नव्हते. ती खेळाडू आपणहून बाजूला होई आणि ‘संसारासाठी निवृत्त’ असे तिचे वर्णन होई.

जॉय फॉसेट त्या १९९१ च्या संघात होती. तिला पहिली मुलगी झाली मे १९९४ मध्ये. वर्षभराने, जून १९९५ मध्ये स्वीडनला झालेल्या दुसऱ्या विश्वचषकात ती प्रत्येक सामन्याचे प्रत्येक मिनिट खेळली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिला फुटबॉलचा पहिल्यांदा समावेश झाला. अंतिम सामन्यात उजव्या बगलेतून धावत जाऊन फॉसेटने दिलेल्या पासवर टिफनी मिलब्रेटने चीनविरुद्ध विजयी गोल केला. दुसरी मुलगी मे १९९७ मधली, तिसरी जून २००१ मधली. १९९९ आणि २००३ च्या विश्वचषकांतही तिने एक मिनिट चुकवले नाही. याच दरम्यान, १९९३ ते १९९७, ती लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात महिला संघाची पहिली प्रशिक्षक होती. देशाकडून ती सव्वादोनशेहून अधिक सामने खेळली आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवडली गेली.

ही यादी वाचली की पहिली प्रतिक्रिया ‘धन्य आहे बाई!’ अशी होते. माझीही झाली. पण या कौतुकात एक अडचण आहे. ते आपल्याला पुढचे प्रश्न विचारू देत नाही. शिबिर तीन आठवड्यांचे असेल तर अंगावर पिणारे मूल कुठे राहत होते? सकाळच्या सरावाच्या वेळी त्याला कोण घेऊन बसत होते? त्या माणसाचे विमानाचे तिकीट कोण काढत होते?

याची उत्तरे वाटाघाटींच्या टेबलावर आहेत. अटलांटा ऑलिंपिकच्या आधी, १९९५ च्या अखेरीस, अमेरिकेच्या नऊ प्रमुख खेळाडूंनी फेडरेशनने पुढे केलेल्या करारावर सह्या करायला नकार दिला. पुरुषांना कोणत्याही पदकासाठी बोनस होता, महिलांना फक्त सुवर्णपदकासाठी, हे कारण. फेडरेशनने त्यांना शिबिराबाहेर ठेवले. नंतर तडजोड झाली. याच वर्षांतल्या देवघेवीत, राष्ट्रीय संघातल्या आयांची मुले शिबिरांना आणि सामन्यांना बरोबर येतील आणि त्यांना सांभाळण्याची सोय फेडरेशन करील, ही गोष्ट प्रस्थापित झाली. जानेवारी २००० मध्ये, विश्वचषक जिंकून सहा महिने झाले असताना, याच खेळाडूंनी ऑस्ट्रेलियातल्या एका स्पर्धेवर बहिष्कार टाकला. फेडरेशनने नवख्या मुलींचा संघ पाठवला. महिनाअखेर नवा करार झाला.

या भांडणांत एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. संघातल्या बहुतेक मुली तेव्हा अविवाहित होत्या किंवा त्यांना मुले नव्हती. बाळ सांभाळणाऱ्या बाईच्या खर्चाचा फायदा होणार होता दोघीतिघींना. तरी मागणी सगळ्या संघाची होती. बसमध्ये, हॉटेलांत, जेवणाच्या टेबलाभोवती फॉसेटच्या आणि ओव्हरबेकच्या मुलांना वीस मावश्या होत्या. आज तिचे मूल, उद्या माझे, हे त्या मावश्यांना कळत होते. एकटी फॉसेट मागायला गेली असती तर ‘तुझी घरची अडचण’ असे उत्तर मिळाले असते. वीस जणींनी मागितले म्हणून ती संघाची अडचण झाली.

आपल्याकडे या विषयाला एक जुनी कथा आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली हिरकणी, संध्याकाळी बंद झालेले गडाचे दरवाजे, घरी रडत असणारे तान्हे बाळ आणि काळोखात कडा उतरून गेलेली ती आई. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला, असे आख्यायिका सांगते. शाळेत ही गोष्ट ऐकताना आपल्या अंगावर काटा येतो, आणि तो यावाच. पण आज महाराष्ट्रातल्या एसटी स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ असतो. प्रवासातल्या आईला बाळाला पाजता यावे म्हणून आडोशाची एक खोली. बुरूज धाडसाच्या आठवणीसाठी आहे. कक्ष मात्र अशासाठी आहे की धाडसाची गरजच पडू नये. प्रत्येक स्थानकावर ही खोली नेटकी असते असे नाही, कुठे तिला कुलूपही दिसते. तरी दोन्हींमागचा विचार वेगळा आहे. अमेरिकेच्या त्या खेळाडूंनी बुरूज नव्हे, कक्ष मागितला होता.

आता पुरुषांकडे पाहू. बापालाही घर असते. २०१८ च्या पुरुषांच्या विश्वचषकात इंग्लंडचा फेबियन डेल्फ बायकोच्या बाळंतपणासाठी रशियातून घरी परतला. तिसऱ्या मुलीचा जन्म झाला, कोलंबियाविरुद्धचा बाद फेरीचा सामना हुकला आणि पुढच्या सामन्याआधी तो पुन्हा संघात दाखल झाला. बापाला एका सामन्याची किंमत मोजावी लागली. तीही पूर्वी मोजू देत नसत किंवा मोजावी असे वाटत नसे. मराठी वाचकाला सुनील गावसकरांचे उदाहरण आठवेल. १९७६ च्या फेब्रुवारीत रोहनचा जन्म झाला तेव्हा वडील न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होते आणि तिथून संघ वेस्ट इंडीजला गेला. २०२० च्या डिसेंबरात विराट कोहली ॲडलेडच्या कसोटीनंतर बाळंतपणासाठी भारतात परतला, तेव्हा त्यावर उलटसुलट चर्चा झाली, पण रजा मिळाली. चव्वेचाळीस वर्षांत एवढा फरक पडला.

तरी बापाच्या बाबतीत मूल ही ‘घटना’ असते, चार दिवसांची. त्यानंतरची वर्षे कोणीतरी सांभाळत असते, आणि ते कोण, हे विचारायची पद्धत नाही. म्हणून २०२२ मधली एक गोष्ट मला विशेष वाटते. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेच्या पुरुष आणि महिला संघांचे २०२८ पर्यंतचे नवे करार जाहीर झाले. समान मानधन आणि विश्वचषकाच्या बक्षिसाची समान वाटणी, याची बातमी जगभर झाली. त्याच करारात आणखी एक कलम होते. शिबिरे आणि सामने यांच्या काळात मुलांना सांभाळण्याची जी सोय महिला संघाला पंचवीसहून अधिक वर्षे होती, ती आता पुरुष संघालाही मिळणार होती. समान वेतनाच्या लढाईत सगळे जण बायकांनी पुरुषांच्या बरोबरीला यावे असे म्हणत होते. या एका बाबतीत पुरुष बायकांच्या बरोबरीला आले. लेकुरवाळ्या खेळाडूंनी नव्वदच्या दशकात मिळवलेली सोय एका पिढीनंतर बापांच्या पदरात पडली. मूल सांभाळणे हे काम आहे आणि ते आईबाप दोघांचे आहे, हे अमेरिकी फुटबॉलच्या करारात असे मागच्या दाराने नोंदले गेले.

पण अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडे पाहून जगाचा अंदाज बांधता येत नाही. तिथे खेळाडूंचा करार थेट फेडरेशनशी होता. इतर देशांत खेळाडूचे पोट क्लबवर आणि राष्ट्रीय संघ म्हणजे मान. २०१७ मध्ये खेळाडूंची जागतिक संघटना फिफ्प्रो हिने तीन हजारांहून अधिक व्यावसायिक महिला खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या फक्त दोन टक्के खेळाडू आया होत्या. ४७ टक्के जणींनी सांगितले की कुटुंबासाठी आपण वेळेआधी खेळ सोडू. या गळतीची नोंद कुठल्या सामन्याच्या निकालात दिसत नाही. न आलेल्या खेळाडूच्या नावापुढे काही लिहायची सोय नसते.

तीन वर्षांनी नियम आला. डिसेंबर २०२० मध्ये फिफाने मंजूर केलेली आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेली तरतूद अशी: व्यावसायिक महिला खेळाडूला किमान १४ आठवडे बाळंतपणाची रजा, त्यांतले किमान आठ आठवडे बाळंतपणानंतरचे, आणि त्या काळात करारातल्या पगाराच्या किमान दोन तृतीयांश रक्कम. गरोदर असल्याच्या कारणावरून करार मोडता येणार नाही. परतल्यावर क्लबने तिला संघात पुन्हा सामावून घेतले पाहिजे, आणि बाळाला पाजण्याची सोय दिली पाहिजे.

या नियमाची परीक्षा लगेच झाली. सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर ही आइसलँडची संघनायिका. २०२० मध्ये ती लियॉन या फ्रेंच क्लबकडे आली आणि त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तिने गोल केला. पुढच्या वर्षी ती गरोदर राहिली. बाळंतपणासाठी मायदेशी गेल्यावर तिचा पगार येईनासा झाला. मुलगा नोव्हेंबर २०२१ मध्ये झाला. फिफ्प्रोच्या मदतीने तिने फिफाच्या लवादाकडे दाद मागितली. मे २०२२ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला आणि क्लबने थकलेल्या पगारापोटी ८२,००० युरोंहून अधिक रक्कम व्याजासह द्यावी असा आदेश झाला. त्या जुलैत ती इंग्लंडमधल्या युरोपीय स्पर्धेत आइसलँडकडून खेळली. मूल आठ महिन्यांचे होते. जानेवारी २०२३ मध्ये तिने ही हकिगत स्वतः लिहून जगापुढे मांडली आणि त्याच महिन्यात १४५ सामन्यांनंतर राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला.

इथे आकड्यांकडे नीट पाहिले तर एक ओळख पटते. १४ आठवडे आणि दोन तृतीयांश पगार, हे माप फिफाने नवे शोधलेले नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्वसंरक्षण करारनाम्यात हेच माप आहे. त्याआधीचा पहिला करारनामा १९१९ चा, म्हणजे डिक, कर कारखान्यातल्या मुलींच्या काळातला. फुटबॉल खेळणारी बाई ही कामगार आहे, एवढे मान्य करायला फुटबॉलला शंभर वर्षे लागली.

आणि इथे या गोष्टीचा धागा मुंबईला येऊन मिळतो. गिरणगावातल्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत हजारो बायका काम करत होत्या, त्यांतल्या कितीतरी कोकणातून आणि घाटावरून आलेल्या. बाळंतपण म्हणजे खाडे आणि खाडे म्हणजे पगार बंद. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेचे विधेयक चर्चेला आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुळात सरकारने उचलला पाहिजे. पण बाईच्या श्रमातून मालक नफा मिळवतो, म्हणून त्यानेही आपला वाटा दिला पाहिजे, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. हिंदुस्थानातला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. पुढे १९६१ मध्ये देशभराचा कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली.

बाबासाहेबांच्या त्या मांडणीत फुटबॉलच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी. क्लब म्हणतो, ती राष्ट्रीय संघासाठी खेळते, तिची काळजी फेडरेशनने घ्यावी. फेडरेशन म्हणते, तिचा पगार क्लब देतो. दोघे मिळून म्हणतात, मूल तर तिचे आहे. खर्च शेवटी तिच्या पदरात येतो. या तिढ्यातून सुटायची वाट १९२८ मध्येच दाखवली गेली होती. ज्याला तिच्या कामाचा लाभ होतो त्याने आपापला वाटा उचलावा, आणि राष्ट्राच्या नावाने तिला बोलावले जात असेल तर राष्ट्राने आधी.

बदल झाला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२३ च्या विश्वचषकात अमेरिकेच्या संघात तीन आया होत्या: ॲलेक्स मॉर्गन, क्रिस्टल डन आणि जुली अर्ट्झ. डन आणि अर्ट्झ यांची मुले जेमतेम वर्षाची होती. जमैकाच्या संघात तीन मुलांची आई शेना मॅथ्यूज खेळली, ऑस्ट्रेलियाकडून कॅटरिना गोरी. १ जून २०२४ पासून फिफाने नियम आणखी रुंद केले. प्रशिक्षक स्त्रियांनाही ते लागू झाले. दत्तक मुलासाठी रजा आली आणि मूल ज्या आईने जन्माला घातलेले नाही तिच्यासाठीही रजा आली. मात्र एक बाब तपासून पाहावी अशी आहे. राष्ट्रीय संघाच्या कामावर असताना खेळाडूला आपल्या कुटुंबाच्या संपर्कात राहता यावे, म्हणून देशोदेशींच्या संघटनांना फिफाने फक्त ‘प्रोत्साहन’ दिले आहे. क्लबवर सक्ती आणि राष्ट्रीय संघाला विनंती, असा हा प्रकार. तिकीट कोण काढणार, हा १९९५ चा प्रश्न बहुतेक देशांत तिथेच आहे.

भारताचा विचार केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आपल्या महिला संघाने जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २–१ असे हरवून २०२६ च्या आशियाई चषकात स्थान मिळवले. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. २०२२ मध्ये ही स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातच झाली होती आणि तेव्हा संघात कोरोनाची साथ शिरल्याने यजमान भारताला माघार घ्यावी लागली होती. त्या दुःखानंतरचे हे यश मोठे आहे.

या संघातल्या मुली ज्या व्यवस्थेत वाढतात तिच्यात फिफाचा नियम कुठे बसतो, हे पाहिले की अडचण कळते. नियमाला लेखी व्यावसायिक करार लागतो. एका मोसमापुरत्या करारात नऊ महिन्यांचे गरोदरपण आणि नंतरची रजा बसत नाही. मोसम संपला की करार आपोआप संपतो, तो मोडावाही लागत नाही. म्हणून आपल्याकडच्या खेळाडूंची खरी भिस्त पोलीस, रेल्वे, निमलष्करी दले यांच्यातल्या नोकरीवर असते. तिथे बाळंतपणाची रजा कायद्याने मिळते. पण ती रजा नोकरीची असते. संघातल्या जागेची हमी ती देत नाही, आणि परत यायचे ठरवले तर शिबिरात बाळ कुठे ठेवायचे हे सांगत नाही. नोकरी टिकते, खेळ सुटतो. घरच्यांना त्यात वावगे काही दिसत नाही, कारण नोकरी टिकावी म्हणूनच तर पुष्कळ घरांनी मुलीला खेळू दिलेले असते.

अशा वेळी आपल्याला एखादी फॉसेट हवी, असे म्हणणे सोपे आहे. मला वाटते, फॉसेट आपल्याकडे असतीलच. गावोगावच्या मैदानांवर त्या खेळत असतील आणि पंचविशीत घरी जात असतील. कमी आहे ती तिच्या भोवतीच्या वीस मावश्यांची, ज्या स्वतःला मूल नसताना तिच्या बाळाच्या सांभाळणाऱ्या बाईचा खर्च करारात लिहून मागतील. आणि कमी आहे ती त्या कागदाची, ज्यावर देशाची फुटबॉल संघटना सही करील. हा खर्च एखाद्या परदेश दौऱ्यात दोन जास्तीची तिकिटे आणि एक जास्तीची खोली, याहून फार मोठा नाही. गिरणीतल्या बाईसाठी मुंबईने सत्त्याण्णव वर्षांपूर्वी जो विचार लिहून काढला, तो देशाची जर्सी घालणाऱ्या बाईपर्यंत नेणे, एवढेच काम उरले आहे.